किल्लेदाराचं नाक

अल्लाबक्षचं कार्ड आलं तेव्हा माणिकराव मास्तर ओसरीवर आरसा टेकवून दाढी करत होते. कार्ड हैदराबादहून आलेलं. अक्षरं उर्दू, भाषा मात्र अस्सल गोरेगावची. अल्लाबक्ष पिंजाऱ्याला लिहिता येई ते उर्दूत आणि बोलता येई ते मराठीत, आणि या दोन्हींची मोट बांधताना त्याला कधी अवघड वाटलं नव्हतं. मास्तरांनी तोंडाला साबण असतानाच कार्ड वाचलं, परत एकदा वाचलं, आणि उरलेली अर्धी दाढी तशीच ठेवून आत गेले.

"कुणाचं वो?" शालूबाईंनी चुलीपुढून विचारलं.

"शाळेचं," मास्तर म्हणाले. बायकोला खोटं कळलं, हे त्यांना तिच्या पाठीवरूनच समजलं.

कार्डात फार काही नव्हतं.

'मास्तर, अल्लाबक्षचा सलाम. आमी इथं खुशाल. मेव्हण्याच्या वळखीनं गाद्या भरायचं काम भेटलं. नाकाची खपली पडली, आता नाक पहिल्यासारखं हाय, म्हंजे वाकडंच. एकच तकलीफ हाय. शहनाज माझ्यासंग बोलून न्हाई राहिली. म्हणती, अब्बा, तुमी काहून घासलं? मी म्हणलो, बेटा, तो खेळ होता, दर सालचा. ती म्हणती, मास्तरच्या तोंडावर खेळ नव्हता. माझं तिला खरं वाटत न्हाई, तुझं वाटंल. तुझ्या शाळंत शिकली. तू एक कार्ड टाक, का तो खेळ होता म्हणून. बस, इतकंच. कनीजचा शालूभाभीला सलाम.'

कार्ड आलं तेव्हा शिवारात तुरी पिवळ्याधमक फुलल्या होत्या. शेंगा भरून वाळायला लागल्या तरी उत्तर गेलं नव्हतं. मास्तर रोज शाळेतून परतताना ठरवत, आज लिहू. एका ओळीचं तर उत्तर. गावातल्या निम्म्या लोकांची पत्रं तेच लिहून देत. कुणाचा बैल मेला, कुणाची सून नांदत नाही, कुणाला सासुरवाडीकडून जोडा हवा, सगळं मास्तरांच्या लेखणीतून जाई. आणि हे एक कार्ड त्यांच्या पुस्तकांच्या फडताळात, शब्दकोशाखाली, दाबून ठेवलेलं होतं.

उत्तर का जात नव्हतं हे समजायला गुलाबचंदच्या तंबूची गोष्ट सांगायला हवी.

गुलाबचंद हा हिंगोलीचा मारवाडी. शहरात बोलपट सुरू झाले तेव्हा कुठल्याशा थेटरवाल्यानं अडगळीत टाकलेलं हातानं फिरवायचं यंत्र आणि काही मुके सिनेमे त्यानं उचलले होते. दिवाळीनंतरच्या बाजाराला तो बैलगाडीतून तंबू घेऊन गोरेगावला येई. त्यातला एक सिनेमा लढाईचा होता. त्याचं नावाचं रीळ कधीच जळून गेलं होतं, म्हणून गुलाबचंद दर साली त्याला नवं नाव देई. मूळ गोष्ट कोंढारगडची. पहिल्या लढाईत परका किल्लेदार गड घेतो, सुभानराव नावाच्या वीराच्या भावाला मारतो. मग सुभानराव फौज जमवतो, परत येतो, गड जिंकतो, किल्लेदाराचा वाडा पेटवतो आणि किल्लेदाराला पायाशी लोळवतो. शेवटचं सगळं रीळ नुसती आग होती.

मुका सिनेमा म्हटल्यावर बोलायला माणूस लागे. गावात घडाघडा वाचणारा माणूस एकच, म्हणून गुलाबचंदनं पहिल्याच साली मास्तरांना धरलं. मास्तर लाजाळू. चार माणसांत त्यांना धड पाणीसुद्धा मागता येत नसे. पण अंधारात, पडद्याच्या आडून बोलायचं म्हटल्यावर त्यांना जमलं. उलट छान जमलं. वर्गात न फुटणारा आवाज तिथं फुटे. ते पडद्याच्या डावीकडे उभे राहून सुभानराव बोलत, आणि उजवीकडे किल्लेदार बोलायला त्यांनी आपला लहानपणचा सोबती अल्लाबक्ष घेतला. अल्लाबक्ष येताना आपली कापूस पिंजायची धनुकली घेऊन येई. पडद्यावर बाण सुटला की तो तिची तात छेडी, टणणण्, आणि बाण थेट बाजारपेठेतून गेल्यासारखं लोक मान खाली घालत. करवंट्या आपटून घोडी दौडवायचं काम मास्तरांचं.

एका साली अल्लाबक्ष दिवसभर गाद्या भरून दमला होता. शेवटच्या आगीत किल्लेदारानं गयावया करायची वेळ आली आणि उजवीकडून आवाजच येईना. पडद्यावर किल्लेदार ओठ हलवतोय आणि तंबूत सामसूम. मास्तर घाबरून सुभानरावाच्याच आवाजात ओरडले, "अल्लाबक्ष, बोल की लेका, आता काहून गप?"

तंबू फुटायचा राहिला. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. अल्लाबक्ष दचकून उठला तो थेट पडद्यापुढे आला, उजेडात डोळे चोळत, आणि प्रसंग ओळखून त्यानं जमिनीवर गुडघे टेकले. "चुकलो, सरकार! नाक घासतो!" म्हणून त्यानं खरोखरीच नाक घासलं. मास्तरांना काय सुचलं कोण जाणे, तेही पुढे आले, त्याच्या दंडाला धरून म्हणाले, "उठा किल्लेदार, खेळ संपला!" आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून तंबूबाहेर पडले.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. लोक सिनेमा बघायला कमी आणि तेवढ्यासाठी जास्त येत. शेवटचं रीळ लागलं की आरोळी उठे, "नाव घ्या, मास्तर, नाव!" मास्तर नाव घेत, अल्लाबक्ष पुढे येऊन नाक घाशी, मास्तर म्हणत, "उठा किल्लेदार, खेळ संपला." निजामाचा अमीन, म्हणजे फौजदार, पहिल्या रांगेत बसून पोट धरधरून हसे. गावात अल्लाबक्षचं नावच किल्लेदार पडलं. पोरं वाटेत अडवून म्हणत, "किल्लेदार, नाक दाखवा!" आणि तो नाक सशासारखं हलवून दाखवी. "बघा बघा," म्हणे, "साऱ्या मोगलाईत असलं घासून गुळगुळीत झालेलं नाक दुसरं न्हाई."

मास्तरांना एकच गोष्ट टोचे. कोंढारगडची बखर त्यांनी वाचली होती. बखरीत सुभानराव पहिल्याच लढाईत दरवाज्यात पडला होता. परत कोणी आलं नव्हतं, वाडा कोणी पेटवला नव्हता. किल्लेदारानं सुभानरावाला मानानं अग्नी दिला आणि त्याच्या बायकोला पालखीत बसवून माहेरी पोचवलं, एवढंच लिहून बखरकार गप्प झाला होता. मास्तरांनी एकदा गुलाबचंदला हे सांगितलं.

"म्हंजे आपन हरलो?" गुलाबचंद म्हणाला.

"हो. तसंच आहे."

"मास्तर, हरलेलं बघाया लोक घरचं सोडून तंबूत काहून येतील?"

मास्तरांना उत्तरं नेहमी घरी गेल्यावर सुचत, आणि या प्रश्नाचं घरी गेल्यावरही सुचलं नाही.

मग ते अठ्ठेचाळीसचं साल आलं. उन्हाळ्यात रझाकारांची एक टोळी गावात शिरली. शाळेत त्यांना बंदी असलेल्या पुण्याच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा सापडला. मास्तरांना बाजारात आणून उभं केलं. टोळीतल्या एका मिसरूडही न फुटलेल्या जवानानं विचारलं, "पढते क्या हो, मास्टर?" मास्तरांनी खरं उत्तर दिलं, "जे मिळेल ते." त्यावर त्यानं मास्तरांच्या मुस्काटात मारली. टोपी उडून गटारीकडेला पडली. सगळा बाजार बघत होता. वाणी होते, माळी होते, शाळेतली मुलं होती, मुलांचे बाप होते, आणि आपल्या दुकानाच्या दारात धनुकली हातात धरून अल्लाबक्ष उभा होता. कोणीच हललं नाही. टोळी गेल्यावर अल्लाबक्षनं टोपी उचलली, मांडीवर झटकली आणि काही न बोलता मास्तरांच्या डोक्यावर ठेवली. पण मास्तरांच्या डोळ्यांत टोपी राहिली नाही. बाजारातल्या बाकी कुणाचाही चेहरा राहिला नाही. राहिला तो दारात उभा असलेला अल्लाबक्ष. असं का, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं का, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या आणि निजामी गेली. रझाकार रातोरात गावं सोडून पळाले. मग ज्यांनी काही केलं नव्हतं आणि म्हणून जे पळालेही नव्हते, त्यांच्या दारांवर लोक चालून गेले. गोरेगावात फार झालं नाही, असं पुढे लोक सांगत. म्हणजे आजूबाजूला जे झालं त्या मानानं झालं नाही. अल्लाबक्ष, त्याची बायको कनीज आणि शहनाज महिनाभर तातेराव पाटलाच्या मळ्यात कडब्याच्या गंजीआड राहिले. परत आले तेव्हा दुकानातला कापूस कोणी तरी नेला होता. धनुकली कोपऱ्यात तशीच होती. तिचं काय करायचं हे नेणाऱ्याला कळलं नसावं.

दिवाळी झाली. गुलाबचंदची गाडी आली. यंदा त्यानं तंबूवर मोठी पाटी लावली होती, 'कोंढारगडचा बदला'.

"मास्तर," तो म्हणाला, "यंदा दाबून बोलू नका. अमीन न्हाई, पोलीस पाटील आपला. मन मोकळं होऊन जाऊ द्या!"

त्याच संध्याकाळी अल्लाबक्ष शाळेत आला. मुलं गेली होती. तो बाकावर बसला, बाक लहान म्हणून गुडघे छातीशी आले.

"मास्तर, मी येऊन राहिलो तंबूत."

मास्तरांना नवल वाटलं. "कशाला? यंदा राहू दे. मी दोन्हीकडून बोलेन."

"तू? तुझा किल्लेदार म्हंजे शेळीवानी ओरडंल." तो हसला. मग म्हणाला, "न्हाई आलो तर म्हणतील, भेला. आलो तर हसतील. हसू दे की. महिनाभर लोक माझ्याकडं बघतात न् बघतच राहतात. आधी मला बघून हसायचे. एकडाव हसले, का मला बराबर वाटंल."

"बरं."

"पण एक कर. तेवढं नाव नको घेऊ औंदा. न् नाक बी नको. बाकी किल्लेदाराला काय शिव्या घालायच्या त्या घाल, मी दुप्पट घालतो. शहनाज येऊन राहिली बघायला. पहिलाच डाव. नाव नको."

"नाही घेणार," मास्तर म्हणाले. "माझा शब्द."

आणि शब्द दिला तेव्हा तो त्यांनी खराच दिला होता. हे त्यांना पुढे पुन्हा पुन्हा आठवे, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

तंबू इतका भरला होता की लोक बाहेर कनातीला डोळे लावून उभे होते. उजवीकडे दोरी बांधून बायकांची जागा होती. तिथं शालूबाई आणि कनीज शेजारी शेजारी बसल्या होत्या, मधे शहनाज. सुरुवात बरी झाली. धनुकली वाजली, बाण गेले, लोकांनी माना खाली घातल्या. किल्लेदारानं आरोळी दिली, लोकांनी हुर्यो केली. पण हुर्यो संपायची तिथं संपेना. ती वाढतच गेली. मास्तरांना वाटलं, आपण आवाज चढवला की ती बसेल. त्यांनी चढवला. ती आणखी वाढली, आणि मास्तरांचा आवाजही तिच्याबरोबर वर गेला, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला हे आवडतंय. अंगात गरम काही तरी उतरत होतं. बाजारात उभे असताना जे बोलता आलं नव्हतं ते सगळं सुभानरावाच्या तोंडून येत होतं, बखरीतही नव्हतं आणि पडद्यावरही नव्हतं ते सगळं.

शेवटचं रीळ लागलं. वाडा पेटला.

"नाव घ्या, मास्तर! नाव!"

मास्तर थांबले. उजवीकडे, उजेडाच्या कडेला, त्यांना अल्लाबक्षचा चेहरा दिसला. तो मान हलवत होता, नाही म्हणून. त्या चेहऱ्यामागे त्यांना बाजारातलं ते दुकानाचं दार दिसलं.

"अल्लाबक्ष!" मास्तर ओरडले. "आता काहून गप? तेव्हा गप होतास, आताही गप? ये पुढं! घास नाक!"

'तेव्हा' हा शब्द कुणाला कळला, कुणाला नाही. अल्लाबक्षला कळला असावा. तो क्षणभर थांबला. मग धनुकली खाली ठेवून पडद्यापुढे आला. पडद्यावरची आग त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर हलत होती. त्यानं गुडघे टेकले आणि दर सालसारखं, "चुकलो, सरकार," म्हणून नाक घासलं. मग मान वर करून मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर जागचे हलले नाहीत.

"पुन्हा!" मागून कोणी तरी म्हणालं.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

त्यानं पुन्हा घासलं आणि पुन्हा वर पाहिलं.

"नीट घासाया सांगा त्याला!"

"नीट," मास्तर म्हणाले.

किती वेळा झालं, हे त्यांना नंतर कधी आठवलं नाही. एवढं आठवे की कोणी हसत नव्हतं. रीळ संपून पडद्यावर नुसता पांढरा उजेड पडला, तेव्हा अल्लाबक्षच्या ओठावर रक्त दिसलं. बायकांकडून शालूबाईंचा आवाज आला, "पुरं करा की मेल्याहो! माणूस हाय त्यो!" आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे वळल्या. शहनाज उभी होती. ती बापाकडे बघत नव्हती. मास्तरांकडे बघत होती.

अल्लाबक्ष आपला आपण उठला.

आठवड्याच्या आत त्यांचं घर बंद झालं. कोणी हाकललं नव्हतं. हैदराबादला मेव्हणा आहे, काम भेटतं, असं तो शेजाऱ्यांना सांगून गेला. मास्तरांचा निरोप घ्यायला आला नाही. मास्तर त्या दिवशी मुद्दाम सेनगावला गेले होते.

आणि मग ते कार्ड.

मास्तरांनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. एकदा लिहिलं, ते उर्दूत, कारण उर्दू गोरेगावात आता फारसं कोणी वाचलं नसतं. त्यात त्यांनी कोंढारगडची खरी हकीकत लिहायला सुरुवात केली. बखरीतला किल्लेदार किती भला होता, सुभानरावाच्या बायकोला पालखी कशी दिली. दोन्ही बाजू भरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की शहनाजनं किल्लेदाराबद्दल काही विचारलेलंच नाही. ते फाडलं. दुसरं लिहिलं, त्यात काळ कसा होता, माणसं कशी बदलतात, फौजा येतात नि जातात. ते वाचताना त्यांना वाटलं, हे तर कोणीही कोणालाही लिहावं. तेही फाडलं. मग सरळ एक ओळ लिहायला बसले, तो खेळ होता. लिहून झाल्यावर त्यांना दिसलं की उर्दू लिपीत ळ नाही, तिथं खेळचं खेल होतं. ळ साठी कुठलं अक्षर वापरावं याचा विचार करत ते दिवा विझेपर्यंत बसले. उठताना त्यांना स्वतःची किळस आली. माणूस एका अक्षरामागेही लपू शकतो, हे कुठल्या पुस्तकात त्यांनी वाचलं नव्हतं.

एका रविवारी शालूबाई फडताळ झाडत होत्या. शब्दकोश उचलला आणि कार्ड खाली पडलं. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण उर्दू आहे हे ओळखता येत होतं.

"हे शाळंचं काय?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी ते उचलून घेतलं.

"कनीजचं हाय का?"

"अल्लाबक्षचं."

"मग वाचा की. का तेबी मला दिसू द्यायचं न्हाई?"

मास्तरांनी वाचून दाखवलं. शालूबाई खाली बसल्या, झाडणी मांडीवर.

"अवो, मग लिवा की. एका वळीचं काम. लेकरू बापाशी बोलत न्हाई, न् तुमी पुस्तकाखाली दाबून ठिवलं?"

"काय लिहू?"

"त्यो म्हणून राहिला त्ये. खेळ होता म्हणून."

"ते खोटं होईल, शालू."

"कुणाचं खोटं?"

मास्तरांना प्रश्न समजला नाही.

"तुमचं तुमी जाणा," शालूबाई म्हणाल्या. "पण किल्लेदार तर खेळच करत होता. मी कनीजच्या मांडीला मांडी लावून बसले होते. त्यो दर बारीला नाक घासून वर बघायचा, न् कनीज माझा हात धरून म्हणायची, 'आता मास्तर उठवतील, भाभी. आता उठवतील.' पोरीला बी त्येच सांगत होती. त्याचं काम त्यो बराबर करून राहिला होता. तुमची बारी व्हती. तुमी उठवलंच न्हाई."

त्या उठून चुलीकडे गेल्या. रडत होत्या की धुरानं डोळे चुरचुरत होते, मास्तरांनी पाहिलं नाही.

इतके दिवस त्यांना वाटत होतं की अल्लाबक्ष आपल्याकडून एक खोटं मागतोय, आणि ते आपल्याला देववत नाही म्हणजे आपण निदान खरे तरी आहोत. तेवढाच एक आधार त्यांनी धरला होता. आता तोही गेला. अल्लाबक्षनं खरं तेच मागितलं होतं, त्याच्या अर्ध्यापुरतं. तो शेवटपर्यंत खेळात होता. वर मान करून तो दया मागत नव्हता. ठरलेल्या वाक्याची वाट बघत होता.

मास्तरांनी कोरं कार्ड घेतलं आणि मराठीच्या बाळबोध लिपीत लिहिलं. शहनाजला ती लिपी त्यांनीच शिकवली होती.

'चि. शहनाज हीस माणिकराव मास्तरांचे आशीर्वाद. तू अब्बांना विचारलंस ते बरोबर विचारलंस. त्याचं उत्तर मी द्यायला हवं. तुझे अब्बा खेळच करत होते. दर साली ठरलेलं होतं, त्यांनी नाक घासायचं आणि मी त्यांना उठवायचं. यंदा नाव घेणार नाही असा मी त्यांना शब्द दिला होता. तो मी मोडला, तरी त्यांनी आपलं काम पुरं केलं. मी उठवलं नाही. मी खेळ करत नव्हतो. मला दुसऱ्याचा राग होता, तो मी त्यांच्यावर काढला. लोक म्हणत होते म्हणून नाही. मला बरं वाटत होतं म्हणून. माझ्या तोंडावर तुला दिसलं ते खरं होतं. तू अब्बांशी बोल. अल्लाबक्ष, तुझ्या कार्डाला उत्तर द्यायला मला फार उशीर झाला.'

लिहून झाल्यावर त्यांनी 'बरं वाटत होतं' वर लेखणी ठेवली. खोडलं नाही. जागा संपली होती, म्हणून शालूचा सलाम कडेला उभा लिहिला.

गोरेगावचं टपाल म्हणजे मोहनसिंगच्या किराणा दुकानातली पेटी आणि त्याचा शिक्का. सोमवारी सकाळी दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मास्तर गुळाच्या ढेपेशी उभे राहिले, सगळी जातील या आशेनं, पण एक जाई तर दुसरं येई. शेवटी त्यांनी कार्ड पुढे केलं.

मोहनसिंगनं सवयीनं मजकुरावर नजर टाकली. मग चष्मा नाकावर सरकवून नीट वाचायला लागला. वाचताना त्याचे ओठ हलत.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "पाकीट देऊ का? हे उघडं हाय. सेनगावपातुर धा जण वाचतील."

वाचू द्या, असं म्हणायचं मास्तरांनी वाटेत ठरवलं होतं. पण तोंडातून आलं ते एवढंच, "कार्डच लिहिलंय."

"कुणाला कार्ड, मास्तर?" तेल घ्यायला आलेल्या माणसानं विचारलं.

"किल्लेदाराला," मास्तर म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. "अल्लाबक्षला. त्याच्या पोरीला."

तो माणूस आपली बाटली पुढे सरकवून उगाच तिचं बूच बघत राहिला. तंबूत तो होता की नव्हता, मास्तरांना ठाऊक नव्हतं. गावातलं कोण नव्हतं?

मोहनसिंगनं शिक्क्याला शाई लावली. तेवढ्यात मास्तरांचा हात आपोआप पुढे गेला. एक वाक्य बदलावं असं त्यांना वाटलं होतं. कुठलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शिक्का धपकन बसला.

"आता न्हाई, मास्तर," मोहनसिंग कार्ड थैलीत टाकत म्हणाला. "शिक्का बसल्यावर ते तुमचं न्हाई ऱ्हायलं."

"बरं," म्हणून मास्तर शाळेकडे निघाले.